विहीर, पेव आणि गोबरगॅसची टाकी : न दिसणाऱ्या वायूंची ओळख

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



बियाणे, खते, पाणी आणि कीडनाशके हे आपल्या मेळाव्यांचे नेहमीचे विषय. आज मी आपल्याशी वायूंबद्दल बोलणार आहे. हा विषय आठवी-नववीच्या शास्त्राच्या पुस्तकातला आहे. परीक्षेपुरता तो आपण सर्वांनी वाचला आणि पुस्तकाबरोबर बांधून ठेवला. पण विहिरीचा गाळ काढताना, पेव उघडताना किंवा गोबरगॅसची टाकी साफ करताना याच धड्यावर माणसाचे जगणे-मरणे ठरते.

एप्रिल २०२४ मध्ये आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात घडलेली घटना आपण वर्तमानपत्रात वाचली असेल. जनावरांचे शेण साठवण्यासाठी वापरलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला, तो वर येईना. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. अशी पाच माणसे गेली. सहाव्याने कमरेला दोर बांधला होता, म्हणून त्याला वर ओढता आले आणि तो वाचला. या घटनेत कोणाचाही निष्काळजीपणा काढण्याचा माझा हेतू नाही. आपला माणूस डोळ्यांसमोर पडलेला असताना कोणीही उडी घेईल. म्हणूनच त्या क्षणी काय करायचे हे आधी ठरलेले असले पाहिजे. आजचे बोलणे त्यासाठी आहे.

हवेत काय असते?

आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू, जवळजवळ २१ टक्के प्राणवायू आणि एक टक्क्याच्या आत ऑरगॉन असतो. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, फक्त ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो. आपले शरीर या २१ टक्क्यांना सरावलेले आहे. प्राणवायू १६ टक्क्यांपर्यंत उतरला की विचार आणि हालचाल मंदावते. १० टक्क्यांच्या खाली माणूस बेशुद्ध पडतो. ६ टक्क्यांच्या खाली तर काही क्षणांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत प्राण जातो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. प्राणवायू कमी झाला आहे हे शरीराला कळत नाही. गुदमरल्यासारखे वाटते ते कर्बवायू वाढल्यामुळे, प्राणवायू घटल्यामुळे नव्हे. त्यामुळे "जीव घाबरा झाला तर लगेच वर येईन" हा हिशेब चुकतो. पाय लटपटतात, शिडी हातातून सुटते आणि हाक मारण्याइतकाही वेळ मिळत नाही.

जड वायू आणि हलके वायू

शाळेत आपण रेणुभार शिकलो. कार्बनचा अणुभार १२, प्राणवायूचा १६, हायड्रोजनचा १, गंधकाचा ३२. यावरून कोणत्याही वायूचे वजन काढता येते. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९ आहे. आता तुलना करा. कार्बन डायऑक्साइडचा ४४, म्हणजे तो हवेच्या दीडपट जड. हायड्रोजन सल्फाइडचा ३४, तोही हवेपेक्षा जड. कार्बन मोनॉक्साइडचा २८, म्हणजे जवळजवळ हवेइतकाच. मिथेनचा १६ आणि अमोनियाचा १७, हे दोन्ही हलके.

जड वायू पाण्यासारखा उतार शोधतो आणि खड्ड्यात साठतो. इटलीत नेपल्स शहराजवळ एक गुहा आहे. तिच्या तळाशी जमिनीतून निघालेला कर्बवायू गुडघाभर साठलेला असे. उभ्या माणसाला काही होत नसे, पण बरोबरचे कुत्रे बेशुद्ध पडे. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री आफ्रिकेतील कॅमेरून देशात न्योस तलावाच्या तळाशी विरघळलेला कर्बवायू एकाएकी बाहेर आला आणि दऱ्यांतून खाली वाहत गेला. सुमारे १७०० माणसे आणि सुमारे ३५०० जनावरे त्या रात्री मेली. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला गळालेला मिथाइल आयसोसायनेट हा तर कार्बारिल या कीटकनाशकाचा कच्चा माल. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. ती वर न जाता वस्तीतून जमिनीलगत सरकली.

हा गुणधर्म मुलांना घरीच दाखवता येतो. उभट पातेल्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यावर लिंबू पिळावे. सोडा फसफसतो आणि कर्बवायू निघतो. फेस बसला की पातेले पेटत्या मेणबत्तीवर हळूच तिरपे करावे, रस सांडू देऊ नये. पातेल्यातून काहीच पडताना दिसत नाही, पण ज्योत विझते. विहिरीच्या तळाशी माणसाचे जे होते ते यावरून मुलांना लगेच समजते.

विहिरीत वायू येतो कोठून?

पिकांची मुळे आणि जमिनीतील जिवाणू श्वसन करतात. त्यामुळे मातीच्या पोकळीतील हवेत कर्बवायू बाहेरच्या हवेपेक्षा दहापट किंवा त्याहूनही जास्त असतो. तो विहिरीच्या बांधकामातील फटींतून आत झिरपतो आणि तळाशी बसतो. शिवाय पडलेला पाला, मेलेली जनावरे आणि कुजका गाळ यांतही जिवाणूंचे काम चालू असते. रोज उपसा असलेल्या विहिरीत हवा थोडीफार खेळते. बरेच महिने बंद असलेल्या, अरुंद, खोल किंवा वरून झाकलेल्या विहिरीत व आडात ती खेळत नाही.

दुसरे कारण आपण स्वतः निर्माण करतो. गाळ उपसण्यासाठी डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीत उतरवले जाते. अपुऱ्या हवेत इंधन अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशेपट ओढीने याला धरून ठेवते, त्यामुळे रक्तात प्राणवायूला जागाच उरत नाही. डोके दुखणे, मळमळ आणि ग्लानी ही याची लक्षणे. उन्हाचा त्रास म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होते. इंजिन कधीही विहिरीत उतरवू नये. ते काठावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावे. पाणी खोल असेल तर विजेवर चालणारा पाणबुडी पंप वापरावा आणि माणूस आत असताना त्याचा वीजपुरवठा बंद ठेवावा.

तिसरे कारण सुरुंग. विहीर खोदताना सुरुंग उडाल्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे वायू तळाशी राहतात. नायट्रोजन डायऑक्साइड तपकिरी असतो. तो श्वासात गेल्यावर माणूस सुरुवातीला बरा दिसतो, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी साठू शकते. सुरुंगानंतर धूर दिसेनासा झाला म्हणून लगेच उतरू नये. उतरलेल्या माणसाला खोकला किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

पेवातील प्राणवायू कोण खातो?

सोलापूर आणि मराठवाडा भागात ज्वारीची पेवे होती. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्ध आहेत. २००५ च्या महापुरात त्यांतील बऱ्याच पेवांत पाणी शिरले. पेवात माल टिकतो याचे कारण रसायनशास्त्रात आहे. धान्य वाळलेले असले तरी जिवंत असते. ते, त्यातील किडे आणि बुरशी प्राणवायू घेतात आणि कर्बवायू सोडतात. तोंड लिंपलेले असल्याने नवी हवा येत नाही. काही दिवसांत प्राणवायू संपतो आणि किडे मरतात. औषध न घालता माल राखण्याची ही उत्तम पद्धत. पण ज्या हवेत किडा मरतो त्याच हवेत माणूसही मरतो.

थोडा हिशेब करू. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळायला १९२ ग्रॅम प्राणवायू लागतो. नेहमीच्या तापमानाला तो सुमारे १५० लिटर भरतो. २० क्विंटल ज्वारीच्या दाण्यांमधली पोकळी साधारण १००० ते ११०० लिटर धरली, तर तीत प्राणवायू सव्वादोनशे लिटरच्या आसपास असेल. म्हणजे २० क्विंटलपैकी जेमतेम पाव किलो माल श्वसनात खर्च झाला की दाण्यांमधला सगळा प्राणवायू संपला. वजनात ही घट आपल्याला कळणारही नाही. यावरून पेवाचे तोंड उघडताच आत उतरणे किती धोक्याचे आहे याची कल्पना यावी. पेव उघडून पुरेसा वेळ हवेशीर ठेवावे आणि वरचा माल वरूनच काढावा.

मूरघासाच्या खोल खड्ड्यालाही हेच लागू आहे. ताज्या चाऱ्यातून पहिले दोन-तीन आठवडे कर्बवायूबरोबर नायट्रोजन डायऑक्साइडही निघतो. पिवळसर-तपकिरी वाफ किंवा घशाला झोंबणारा वास आला तर जवळ थांबू नये.

आंबण्याची क्रियाही याच घराण्यातली. किण्व म्हणजे यीस्ट साखरेचे रूपांतर अल्कोहोल आणि कर्बवायूत करते. दोन किलो साखर पूर्ण आंबली तर सुमारे ५०० लिटर कर्बवायू तयार होतो. गूळ घालून जीवामृत करताना पिंपाचे झाकण घट्ट लावू नये. पिंप उघड्या सावलीत, कापड बांधून ठेवावे. माणसे झोपतात त्या बंद खोलीत ठेवू नये.

गोबरगॅसची टाकी आणि शेणाचे खड्डे

प्राणवायू नसताना जिवाणू शेणातील सेंद्रिय पदार्थ आधी आम्लांत आणि मग मिथेन व कर्बवायूत बदलतात. इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या काठच्या दलदलीतून हा जळणारा वायू गोळा केला होता. आपल्या गोबरगॅसमध्ये साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन, ३५ ते ४० टक्के कर्बवायू आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. चुलीत तो जळला तर स्वयंपाक होतो. हवेत मोकळा सुटला तर तोटा दुहेरी होतो. इंधन जातेच, शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने वजनास वजन मिथेन कर्बवायूच्या २५ पटींहून जास्त उष्णता अडवतो. म्हणून गळकी नळी ताबडतोब बदलावी.

टाकीत दोन मोठे धोके आहेत. पहिला स्फोटाचा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की एका ठिणगीने भडका उडतो. टाकीच्या तोंडाशी बिडी, काडी, कंदील किंवा वेल्डिंग कटाक्षाने टाळावे.

दुसरा धोका हायड्रोजन सल्फाइडचा. याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. दहा लाख भागांत एक भागापेक्षा कमी असतानाही तो नाकाला कळतो. पण त्याचे प्रमाण १०० भागांच्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास येणे थांबते. ५०० भागांच्या पुढे तो जीवघेणा आहे. "मघाशी वास येत होता, आता गेला" याचा अर्थ वायू गेला असा होत नाही. वायू वाढला असेल तरीही वास जातो. शिवाय हा वायू रबडीत अडकून असतो. ती ढवळली किंवा तिच्यात पाय पडला की एकदम उसळून वर येतो. शौचटाकी, मळीचे खड्डे आणि कारखान्याचे सांडपाणी साठलेली डबकी यांतही हाच प्रकार. पुरेशा साधनांशिवाय शौचटाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

जुन्या विहिरीचा उकिरडा किंवा शेणखड्डा करू नये. अशा विहिरीत विहिरीचा खोलपणा आणि टाकीतला वायू असे दोन्ही धोके एकत्र येतात. वापरात नसलेली विहीर बुजवावी किंवा भक्कम जाळी बसवून तिचे तोंड बंद करावे.

धान्याच्या खोलीतील गोळी

धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीचा हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम फॉस्फिन निघतो. याच्या विक्रीवर आणि वापरावर निर्बंध आहेत. प्रशिक्षित व्यक्तीकडूनच धुरी करून घ्यावी. घरात, झोपण्याच्या खोलीत किंवा तिला लागून असलेल्या कोठीत ही गोळी कधीही ठेवू नये. दाराच्या फटीतून येणारा वायू झोपलेल्या लेकरांना उठवत नाही.

कंदिलाची परीक्षा कितपत खरी?

जुनी माणसे आडात किंवा पेवात आधी कंदील सोडून बघत. प्राणवायू सुमारे १६ टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत विझते, म्हणून ही परीक्षा एका मर्यादेत खरी आहे. ज्योत विझली तर उतरायचे नाही, हे निश्चित. पण ज्योत जळत राहिली म्हणून विहीर निर्धोक ठरत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड माणसाला मारण्याइतके असले तरी कंदील जळतच राहतो. आणि शेण, मैला किंवा कुजका गाळ असेल तिथे मिथेनमुळे कंदीलच स्फोटाचे कारण होतो. खात्रीचा उपाय म्हणजे प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे चारही मोजणारे यंत्र. एका शेतकऱ्याला ते परवडत नसेल, पण ग्रामपंचायत, सोसायटी किंवा शेतकरी गट मिळून एक यंत्र ठेवू शकतात.

उतरण्यापूर्वी

१. उतरल्याशिवाय काम होते का ते आधी पाहावे. गाळ, बादली, पडलेली वस्तू किंवा जनावर गळ, जाळी किंवा यारीने वरूनच काढता येत असेल तर माणूस उतरवू नये.

२. तोंड पूर्ण उघडून हवा खेळती करावी. फवारणीचा किंवा इतर ब्लोअर काठावर ठेवून त्याची नळी तळापर्यंत सोडावी आणि ताजी हवा तळाशी ढकलावी. इंजिनाचा धूर आत ओढला जाणार नाही अशा बेताने ब्लोअर ठेवावा. ब्लोअर नसल्यास लिंबाच्या डहाळ्यांचा मोठा भारा दोराला बांधून बराच वेळ वर-खाली करावा. याने हवा हलते, पण यंत्राने मोजल्याची बरोबरी होत नाही. शेण किंवा मैल्याच्या टाकीसाठी हा उपाय पुरेसा नाही.

३. उतरणाऱ्याच्या अंगात छाती-खांद्यांचा पट्टा आणि त्याला दोर असावा. दोराचे दुसरे टोक रहाटाला किंवा यारीला बांधलेले असावे.

४. वर किमान दोन धडधाकट माणसे असावीत. त्यांनी काम संपेपर्यंत जागा सोडू नये. दर मिनिटाला हाक द्यावी. ओ आली नाही तर काही न विचारता वर ओढावे.

५. नाकाला बांधलेला रुमाल किंवा फवारणीचा मुखवटा यांचा इथे उपयोग नाही. मुखवटा धूळ अडवतो, नसलेला प्राणवायू निर्माण करत नाही.

६. प्राणवायूचे नळकांडे टाकीत सोडू नये. त्याने भडका आणखी वाढतो.

कोणी आत पडलाच तर

बंधूंनो, माझ्या भाषणातील एवढा भाग तरी प्रत्येकाने घरी सांगावा. अमेरिकेतील कामगार सुरक्षा संस्थेने १९८६ मध्ये नोंदवले होते, की अशा बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. म्हणजे पहिला माणूस अपघाताने जातो आणि पुढचे मायेपोटी जातात.

म्हणून दोराशिवाय कोणीही उतरायचे नाही, मग आत सख्खा भाऊ का असेना. आधी मोठ्याने ओरडून माणसे जमवावीत. ११२ आणि १०८ या क्रमांकांवर फोन करावा आणि वायूचा अपघात आहे हे स्पष्ट सांगावे, म्हणजे अग्निशमन दल श्वसनयंत्रे घेऊन येईल. तोवर ब्लोअरने तळाशी हवा सोडत राहावे. पडलेल्याच्या अंगात पट्टा असेल तर लगेच ओढून घ्यावे. बाहेर काढल्यावर त्याला मोकळ्या हवेत उताणे झोपवून कपडे सैल करावेत. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोराने दाब देत राहावे आणि दवाखान्यात हलवावे. तोंडात पाणी घालू नये.

शेवटी एक विनंती आहे. आपली विहीर, पेव किंवा टाकी असेल तिथे काठावर रंगाने लिहा : "दोर बांधल्याशिवाय आणि वर दोन माणसे असल्याशिवाय उतरू नये." घरच्यांना सांगाच, पण सालगड्याला आणि गाळ काढायला येणाऱ्या मजुरांनाही सांगा. उतरतात बहुतेक वेळा तेच. आणि या उन्हाळ्यात गाळ काढण्याआधी चांगला दोर आणि पट्टा घेऊन ठेवा. एका पोत्याच्या खतापेक्षा त्याला फार जास्त पैसे पडणार नाहीत.